दहा पावलांवरून

पालम विमानतळावर पंडित नेहरू उभे आहेत. बहीण, विजयालक्ष्मी पंडित, यायची आहे आणि देशाचा पंतप्रधान तिची वाट पाहतो आहे. त्यांच्या अगदी शेजारी एक पाटी आहे: इथे छायाचित्रण करण्यास सक्त मनाई आहे. पाटी नीट वाचता येते, नेहरू नीट दिसतात, आणि दोघांना एका चौकटीत बसवणारं छायाचित्र माझ्यासमोर भिंतीवर टांगलेलं आहे.

ह्या चित्रापाशी येणारा प्रत्येक जण आधी पाटी वाचत होता, मग हसत होता, मग पुढे जात होता. मीही हसलो आणि पुढे गेलो. पण दोन चित्रांनंतर परत फिरलो, कारण एक साधा प्रश्न मागे राहिला होता. ही मनाई मोडायची परवानगी कुणी दिली? पाटी तर नाही म्हणते आहे. पाटीशेजारी उभा असलेला माणूस काहीच म्हणत नाही, आणि त्याचं काही न म्हणणं हीच परवानगी आहे. कॅमेरा हातात धरलेल्या बाईंना हे ठाऊक आहे. म्हणून चित्रातला विनोद नेहरूंवर नाही आणि सरकारी पाटीवरही नाही. सत्तेच्या इतक्या जवळ आपण उभ्या आहोत ते कुणाच्या मर्जीवर, हे ओळखून त्या बाईंनी स्वतःशीच केलेली ती थट्टा आहे.

ही गोष्ट २०१० सालची. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात होमाई व्यारावाला यांच्या कामाचं सिंहावलोकनी प्रदर्शन भरलं होतं. होमाईबाई तेव्हा ९६ वर्षांच्या होत्या आणि बडोद्यात एकट्या राहत होत्या. त्यांचा संग्रह अल्काझी फाउंडेशनकडे आला होता, आणि त्यांच्यावर वर्षानुवर्षं अभ्यास करून पुस्तक लिहिणाऱ्या सबीना गडीहोक यांनी प्रदर्शनाची मांडणी केली होती. पद्मविभूषण मिळायला अजून काही महिने होते. १५ जानेवारी २०१२ रोजी त्या गेल्या. त्यानंतर त्या दालनांत पाहिलेली चित्रं मी छापील पुस्तकांत, पडद्यावर, वर्तमानपत्रांच्या १५ ऑगस्टच्या पुरवण्यांत पुन्हा पुन्हा पाहिली. प्रत्येक वेळी पालमची ती पाटी आठवली. त्या प्रदर्शनाबद्दल मला जे म्हणायचं आहे ते तिथूनच सुरू होतं.

होमाईबाईंचं नाव निघालं की मागोमाग एक बिरुद येतं: भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. बिरुद खोटं नाही. पण ‘पहिली’ ही पदवी माणसाला रांगेत उभं करते आणि नंबर सांगून मोकळी होते. मग चित्र पाहायची गरज उरत नाही. साडी नेसलेली, खांद्याला अवजड सामान लटकवलेली, कोटवाल्या पुरुषांच्या घोळक्यात उभी असलेली एक बाई आपण पाहतो, कौतुकानं मान डोलावतो आणि घरी जातो. तिनं काय पाहिलं ते राहूनच जातं.

बाईपणाचा त्यांच्या कामाशी संबंध नव्हता असं मात्र नाही. त्यांनी स्वतःच सांगून ठेवलं आहे की साडीतली बाई कॅमेरा घेऊन फिरते आहे हे लोकांना गमतीचं वाटायचं. ती हौसेखातर काहीतरी करते आहे असं समजून तिला कुणी अडवत नसे. जिला कुणी गंभीरपणे घेत नाही तिला आत शिरता येतं. आपल्याकडे घरोघरच्या बायकांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. बैठकीतली मंडळी चहा घेऊन आलेल्या सुनेसमोर बोलायचं थांबत नाहीत, कारण ती ऐकते आहे हे त्यांच्या लक्षातच येत नाही. होमाईबाईंनी ह्या दुर्लक्षाचं भांडवल केलं. म्हणजे बिरुदातला ‘महिला’ हा शब्द त्यांच्या कामाची पद्धत सांगतो, आणि ‘पहिली’ हा शब्द फक्त आपल्या कौतुकाची सोय करतो.

ती पद्धत कुठून आली हे पाहायला मुंबईत यावं लागतं. होमाईबाईंचा जन्म ९ डिसेंबर १९१३ रोजी नवसारीला झाला. वडील उर्दू-पारशी नाटक कंपनीत नट होते, गावोगाव फिरणारे. पुढे मुंबईत शिक्षण झालं. सर ज. जी. कला महाविद्यालयात त्या चित्रकला शिकल्या आणि छायाचित्रण शिकल्या ते माणेकशा व्यारावालांकडून. ते टाइम्स ऑफ इंडियात हिशेबनीस होते आणि स्वतः छायाचित्रं काढायचे. पुढे दोघांचं लग्न झालं. तिसाच्या दशकाच्या अखेरीस ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये आणि मग ‘इलस्ट्रेटेड वीकली’त होमाईबाईंची चित्रं येऊ लागली. त्यांतली बरीच नवऱ्याच्या नावानं छापली गेली. ज्या बाईला पुढे आपण ‘पहिली’ म्हणून मखरात बसवलं, तिच्या सुरुवातीच्या कामावर तिचं नावच नव्हतं. आणि नाव आलं तेही ‘डालडा १३’ असं. गाडीचा नंबर डीएलडी १३, जन्मसाल १९१३, माणेकशांची पहिली भेट वयाच्या तेराव्या वर्षी. तेराच्या आकड्याला लोक बिचकतात, ह्यांनी तो आकडा सहीत घेतला.

ह्या चरित्रातल्या दोन गोष्टी मला चित्रांच्या मुळाशी दिसतात. पहिली म्हणजे नटाची लेक. नाटक कंपनीत वाढलेल्या पोरांना रंगमंचापेक्षा विंग जास्त ओळखीची असते. राजा प्रवेश करण्याआधी मुकुट नीट करतो, बाहेर आल्यावर घाम पुसतो, हे त्यांनी पाहिलेलं असतं. १९४७च्या आगेमागे दिल्लीत एक नवं राज्य स्वतःचे प्रवेश आणि स्वतःची नेपथ्यरचना जुळवत होतं: झेंडा कुठे, व्यासपीठ कुठे, कोण कुणाच्या उजवीकडे. होमाईबाईंनी हे समारंभ टिपलेच, लाल किल्ल्यावरचा पहिला झेंडा टिपला, माउंटबॅटनांची रवानगी टिपली. पण त्यांचा डोळा खरा उघडतो तो विंगेत. पाटीशेजारी ताटकळणारे नेहरू, बहिणीला कवेत घेणारे नेहरू. ह्या चित्रांत राज्यकर्ता क्षणभर भूमिकेबाहेर आहे, आणि तरी तो उघडा पडलेला वाटत नाही. विंगेत उभं राहणाऱ्यानं नटाची फजिती करायची नसते, ही नाटकवाल्यांची जुनी रीत आहे.

दुसरी गोष्ट, नोकरी. १९४२ साली होमाईबाई आणि माणेकशा दिल्लीला गेले ते ब्रिटिश माहिती सेवेत काम करण्यासाठी. १९४२! मुंबईच्या गोवालिया टँकवर ‘चले जाव’चा ठराव झाला त्याच वर्षी. स्वातंत्र्याचा अल्बम म्हणून जी चित्रं आपण डोळ्यांना लावतो, ती काढणाऱ्या बाईंचा पगार बराच काळ इंग्रजांच्या कचेरीतून येत होता. ह्यात लपवण्यासारखं काही नाही आणि दोष देण्यासारखंही नाही. बाहेरची कामं करायची मुभा त्यांना होती आणि त्यांनी ती केली. पण हे लक्षात ठेवलं म्हणजे एक गैरसमज गळून पडतो. त्या चळवळीच्या चित्रकार नव्हत्या, राष्ट्राच्या भाट नव्हत्या. त्या काम करत होत्या. सकाळी निघायचं, ठरलेल्या जागी वेळेवर पोचायचं, चित्र घ्यायचं, डार्करूममध्ये शिरायचं.

आता त्या कामाच्या हत्यारांकडे पाहू, कारण माझ्या मते ह्या चित्रांची नीती त्या हत्यारांतून आली. स्पीड ग्राफिक नावाचा कॅमेरा म्हणजे एक जड पेटी. ४ बाय ५ इंची फिल्मचा एकेक तुकडा, एका धारकात दोनच. चित्र घेतलं की धारक काढा, उलटा करा, पुन्हा बसवा. फ्लॅशचा बल्ब एकदा पेटला की संपला, आणि त्याचा उजेड पोचणार थोड्याच अंतरापर्यंत. रोलिफ्लेक्स त्यामानानं सुटसुटीत, पण त्यात एका फिल्मवर बाराच चित्रं. तो पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून वरच्या काचेत पाहायचं, जिथे उजवं डावीकडे आणि डावं उजवीकडे दिसतं. लांबचं जवळ आणणारं भिंग नाही. माणूस मोठा दिसायला हवा असेल तर पायांनीच जवळ जावं लागणार.

किती जवळ? सरासरी दहा पावलं म्हणू या. दहा पावलांवरून चित्र काढायचं तर दोन गोष्टी अटळ होतात. समोरच्याला तुम्ही दिसता, आणि समोरच्यानं तुम्हाला तिथवर येऊ दिलेलं असतं. चोरून काढता येत नाही, शंभर काढून एक निवडता येत नाही. म्हणून वागणं नीट ठेवावं लागतं. कपडे नेटके, आवाज कमी, चित्र घेतलं की बाजूला होणं. ह्या वागण्याला आपल्याकडे चांगला शब्द आहे: अदब. होमाईबाईंच्या पिढीच्या छायाचित्रकारांना अदब घरून मिळाली असेलही, पण ती पाळायला लावली कॅमेऱ्यानं. दहा पावलांच्या अंतरात ज्याला वावरायचं आहे, त्याला अदबीवाचून गत्यंतर नव्हतं.

ह्या अंतरानं काय दिलं, ते जून १९४७च्या एका चित्रात पाहता येतं. काँग्रेसच्या बैठकीत फाळणीच्या योजनेला संमती देण्यासाठी हात वर झाले आहेत. चित्रात बाकी काही घडत नाही. वर्गात हजेरी द्यावी तसे हात. पण हात वर करणं ही केवढी लहान हालचाल आहे, आणि त्या उन्हाळ्यात तिच्या पोटात किती काय होतं! लाखो माणसांनी घर सोडलं त्याचं मोठं चित्र पाहताना आपण हळहळतो. हे चित्र पाहताना आपण अस्वस्थ होतो, कारण ह्यात कुणी क्रूर दिसत नाही. थकलेली, सभ्य, परिचित माणसं एक निर्णय घेत आहेत. लांबून हे दिसलं नसतं. गर्दीत घुसून, कुणाच्या नाकाशी कॅमेरा नेऊनही दिसलं नसतं. ह्यासाठी आत असायला हवं होतं आणि आत असूनही त्यातलं एक नसायला हवं होतं.

इथवर मी होमाईबाईंची वकिली केली. आता दुसरी बाजू मांडायला हवी, कारण ती कच्ची नाही.

अदबीनं काढलेलं सत्तेचं चित्र हे शेवटी सत्तेला चालणारं चित्र असतं, असं कुणी म्हटलं तर त्याला काय उत्तर द्यायचं? त्या दालनांत मी तासन्‌तास फिरलो. महाराणी एलिझाबेथ होती, जॅकलिन केनेडी होती, हो ची मिन्ह होते, मेजवान्या होत्या, विमानांच्या शिड्या होत्या. दिल्लीतच, १९४७ साली, जुन्या किल्ल्यात निर्वासितांचे तंबू पडले होते. शहरात माणसं कापली जात होती. त्या दिल्लीची सावली मला त्या भिंतींवर जवळजवळ दिसली नाही. विंगेतून रंगमंच फार छान दिसतो, पण नाट्यगृहाबाहेर लागलेली आग दिसत नाही.

ती आग पाहणारे दुसरे होते. सुनील जाना १९४३ साली कम्युनिस्ट पक्षाचे नेते पी. सी. जोशी यांच्याबरोबर बंगालच्या दुष्काळात फिरले. त्यांनी काढलेली हाडांच्या सापळ्यांची चित्रं मुंबईहून निघणाऱ्या पक्षाच्या पत्रानं छापली आणि भुकेला चेहरा मिळाला. मार्गारेट बर्क-व्हाइट ह्या अमेरिकी बाईंनी ‘लाइफ’साठी १९४६चं कलकत्ता टिपलं, प्रेतं आणि त्यांवर टपलेली गिधाडं, पुढच्या वर्षी पंजाबातले काफिले टिपले. भुकेनं मरणाऱ्या माणसापासून दहा पावलांवर उभं राहण्यात कसली अदब? तिथे परवानगी कुणाकडे मागायची? साक्ष द्यायची असेल तर कधी कधी अदब मोडावीच लागते.

पण हा प्रश्न इथे संपत नाही, कारण साक्षीचीही एक बेअदबी असते. काफिल्यातल्या माणसांना बर्क-व्हाइट हव्या तशा चित्रासाठी पुन्हा पुन्हा चालायला लावत, असं त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या वार्ताहरानं नोंदवलं आहे. गांधीजी गेले त्या संध्याकाळी त्या बिर्ला भवनात, पार्थिव ठेवलेल्या खोलीत शिरल्या आणि फ्लॅश उडवला. शोकात बसलेली माणसं भडकली, आणि त्यांची फिल्म निकामी करून त्यांना बाहेर काढण्यात आलं, असं सांगितलं जातं. त्याच घरात, त्याच रात्री हेन्री कार्तिए-ब्रेसाँ यांनी हातात मावणाऱ्या छोट्या लायका कॅमेऱ्यानं, फ्लॅशवाचून, कुणाच्या नजरेत न भरता चित्रं घेतली. म्हणजे साक्ष आणि अदब ही दोन टोकं नव्हेत. एकाच दोरीची ती दोन पेडं आहेत, आणि कुठलं घट्ट ओढायचं आणि कुठलं सैल सोडायचं ह्याचा निर्णय प्रत्येक छायाचित्रकाराला प्रत्येक क्षणी करावा लागतो.

म्हणून माझं म्हणणं असं की होमाईबाईंच्या चित्रांना ‘राष्ट्राचा अल्बम’ म्हणणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. ती एका जागेवरून दिसलेली दिल्ली आहे, आणि त्या जागेवरून ती त्यांच्याइतकी नीट फार कुणी पाहिली नाही. जानांची जागा वेगळी, बर्क-व्हाइटची वेगळी. संग्रहालयानं एकेकाला स्वतंत्र दालन द्यावं हे ठीकच, पण पाहणाऱ्यानं मनात तरी ही दालनं शेजारी-शेजारी मांडून घ्यावीत. फाळणीला संमती देणारे हात एका भिंतीवर आणि त्या हातांच्या हालचालीनं घरं सोडून निघालेले पाय दुसऱ्या भिंतीवर, असं झाल्याशिवाय १९४७ हे वर्ष पुरं होत नाही.

संग्रहालयावर माझा एक आक्षेप आहे आणि एक ऋणही. आक्षेप असा की वर्तमानपत्राचं चित्र पांढऱ्या भिंतीवर गेलं की त्याचं वय बदलतं. जे उद्या रद्दीत जाणार म्हणून काढलं होतं, ते आता कायमचं राहणार म्हणून पाहिलं जातं. त्याला चौकट मिळते, उजेड मिळतो, शांतता मिळते. मग माणसं कुजबुजायला लागतात. माझ्या पुढे एक वयस्कर जोडपं होतं. प्रत्येक चित्रापाशी आजोबा नावं ओळखून सांगत होते, आणि नाव सांगून झालं की म्हणत होते, “काय माणसं होती!” मला त्यांचा हेवा वाटला, आणि थोडी भीतीही. ही चित्रं त्या माणसांविषयी काही सांगतात हे खरं, पण त्या माणसांना देव्हाऱ्यात बसवण्यासाठी ती काढलेली नाहीत. ज्या बाईंनी त्यांना ताटकळताना पाहिलं, त्यांच्याच चित्रांपुढे आपण हात जोडावेत ह्यात एक विसंगती आहे.

त्या काळी सगळं शिस्तीत होतं, हेही खरं नाही. संग्रहालयाच्या दारातून बाहेर पडलं की समोर इंडिया गेटचा परिसर. १५ ऑगस्ट १९४७च्या संध्याकाळी इथे झेंडावंदनाचा साग्रसंगीत कार्यक्रम ठरला होता. पण गर्दी इतकी लोटली की आखणी कोलमडली. माउंटबॅटनांना बग्गीतून खाली उतरताच येईना, आणि झेंडा त्या गोंधळातच वर चढला. ज्या दिवशी लोकांचं राज्य आलं त्याच दिवशी लोकांनी राज्यकर्त्यापासूनचं दहा पावलांचं अंतर पुसून टाकलं. ती बेशिस्त मला आजही त्या समारंभातला सगळ्यात खरा भाग वाटते.

ऋण आहे ते कॅप्शनचं. संग्रहालय चित्राखाली ओळी लिहितं: कोण, कुठे, कधी. आपण त्या ओळी घाईघाईनं ओलांडतो, आणि त्यांची किंमत कळते ती चित्र त्यांच्यापासून तुटल्यावर. होमाईबाईंचं एक चित्र आहे: विमानात नेहरू, ओठांत सिगारेट, आणि ते एका गोऱ्या बाईंची सिगारेट पेटवून देत आहेत. त्या ब्रिटिश उपउच्चायुक्तांच्या पत्नी, श्रीमती सायमन. प्रदर्शनानंतरच्या वर्षांत हे चित्र मोबाइलवरून मोबाइलवर फिरू लागलं. सोबतच्या ओळी गेल्या, बाईंचं नाव गेलं, काढणारीचं नाव गेलं. उरलं एक कुजकट सूचन. ज्या विश्वासानं हे चित्र निघू शकलं, तोच विश्वास त्या माणसाविरुद्ध पुरावा म्हणून वापरला गेला. नेहरूंवर टीका करायला त्यांची धोरणं आहेत, निर्णय आहेत, चीन आहे, काश्मीर आहे. त्यासाठी सिगारेट लागत नाही.

दलाई लामांचं चित्रही तसंच. डोंगराळ वाटेनं, उंच खिंडीतून ते भारतात येत आहेत. आज ते पाहणाऱ्याला वाटतं, हेच ते निर्वासन. पण हे १९५६ साल आहे आणि ही नथू ला आहे. बुद्धजयंतीच्या अडीच हजाराव्या वर्षाच्या सोहळ्याला ते पाहुणे म्हणून येत आहेत, आणि त्यानंतर परत जाणार आहेत. आश्रय मागायला ते आले १९५९ साली, दुसऱ्या वाटेनं. चित्र तेच, पण एक ओळ खाली असली तर पाहुणचाराचं, नसली तर परागंदा होण्याचं. छायाचित्र खोटं बोलत नाही असं आपण म्हणतो. छायाचित्र बोलतच नाही. त्याच्या वतीनं कॅप्शन बोलतं. म्हणून ते कोण लिहितं आणि कोण पुसतं ह्याकडे लक्ष ठेवावं लागतं. संग्रहालय ही त्या ओळी जपायची जागा आहे, भिंती फक्त त्यासाठी लागतात.

१९७० साली होमाईबाईंनी कॅमेरा खाली ठेवला. वय ५६, हात-पाय धड, नाव मोठं. आदल्या वर्षी माणेकशा गेले होते. पण त्यांनी सांगितलेलं कारण वेगळं होतं. छायाचित्रकारांच्या नव्या पिढीचं वागणं त्यांना पाहवेना. धक्काबुक्की, आरडाओरडा, शिस्तीचा अभाव. दिल्ली सोडून त्या पिलानीला गेल्या, मग बडोद्याला. बागकाम केलं, फर्निचर स्वतः बनवलं, नळ स्वतः दुरुस्त केले. चित्रांकडे पुन्हा वळल्या नाहीत.

ह्या निवृत्तीला आपण तत्त्वनिष्ठेचं उदाहरण म्हणून सांगतो. मला त्यात अर्धंच सत्य दिसतं. जी नवी पिढी धक्काबुक्की करत होती, तिला दहा पावलांपर्यंत कुणी येऊ देत नव्हतं. सुरक्षेची कडी वाढत गेली, छायाचित्रकारांची संख्या वाढत गेली, लांबचं ओढून आणणारी भिंगं आली. दहा पावलांचं अंतर गेलं, मग अदबीचं कारणही गेलं. बेशिस्त हा त्या पोरांचा स्वभावदोष नव्हता. दोरीपलीकडे उभा केलेला माणूस माना उंच करणारच. आणि आज तर ती दोरीही अपुरी पडली. नेत्यापासून छायाचित्रकार इतका दूर आहे की त्याला टोपी तेवढी दिसते. आणि त्याच वेळी नेता स्वतःच्या पदरच्या छायाचित्रकारानं काढलेलं चित्र स्वतःच प्रसिद्ध करतो, किंवा हात लांब करून स्वतःच काढतो. एकीकडे शंभर पावलं, दुसरीकडे शून्य. दोन्हींत मधला माणूस नाही. पालमच्या पाटीशेजारी ताटकळणारा पंतप्रधान आज कुणाला दिसणार नाही. पंतप्रधान ताटकळत नाहीत म्हणून नव्हे. त्या वेळी दहा पावलांवर उभा असलेला, त्यांच्या पगारावर नसलेला, आणि तरीही ज्याला त्यांनी येऊ दिलं आहे असा कुणी उरलेला नाही, म्हणून.

हे सगळं म्हणताना एक गोष्ट मला सारखी आडवी येते. होमाईबाईंच्या आयुष्यातलं सगळ्यात प्रसिद्ध चित्र हे न काढलेलं चित्र आहे. ३० जानेवारी १९४८ला त्या प्रार्थनासभेला जायला निघाल्या होत्या आणि परत फिरल्या, कारण दुसऱ्या दिवशी नवऱ्याबरोबर जायचं ठरलं. दुसरा दिवस आलाच नाही. ही हळहळ त्यांनी जन्मभर बोलून दाखवली. पण त्या क्षणी फक्त त्याच तिथे नव्हत्या असं नव्हे. बर्क-व्हाइट त्याच दिवशी काही तास आधी गांधीजींची मुलाखत घेऊन गेल्या होत्या. कार्तिए-ब्रेसाँही त्याच दिवशी त्यांना भेटून निघाले होते. जगातल्या नामवंत छायाचित्रकारांनी वेढलेल्या, जगात ज्याची सर्वाधिक चित्रं काढली गेली अशांपैकी एका माणसावर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि त्या क्षणाचं छायाचित्र नाही. नेमका क्षण पकडणं हीच ह्या कलेची थोरवी असं आपण मानत आलो. आपल्या इतिहासातला सगळ्यात नेमका क्षण तिला सापडला नाही.

प्रदर्शन पाहून मी रिक्षा केली आणि तीस जानेवारी मार्गावर गेलो. बिर्ला भवनाच्या हिरवळीत गांधीजींच्या शेवटच्या चालण्याची वाट पावलांनी दाखवली आहे. जमिनीतून वर आलेली पावलं, एकापुढे एक, घरापासून प्रार्थनेच्या जागेपर्यंत. त्या दिवशी सरदार पटेलांशी बोलण्यात उशीर झाला होता, म्हणून ते भराभर चालले होते. पावलं बघताना ते आठवतं, आणि मग पावलं संपतात.

तिथे शाळेची सहल आली होती. एका मुलाच्या हातात साधा कॅमेरा होता आणि त्याला ती पावलं टिपायची होती. जवळून घेतलं तर दोनच पावलं यायची. तो मागे सरकला. आता चार-पाच आली. बाई त्याला घाई करत होत्या. तो अजून मागे गेला, अजून थोडा, हिरवळीच्या कडेला टेकेपर्यंत, आणि तिथून त्याला पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळी वाट चौकटीत मिळाली असावी, कारण तो थांबला. त्यानं वाटेवरची माणसं बाजूला होईपर्यंत वाट पाहिली. मग कळ दाबली. त्या चित्रात कुणीच आलं नसणार.